गणपतीच्या स्टेजवरून 'या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन': आपण हे का म्हणतो?

यारा_काठी
मेलबर्नमध्ये राहते, इथल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. यंदाच्या गणेशोत्सवाच्या तयारीच्या मीटिंगमध्ये एका मुद्द्यावरून चांगलीच जुंपली. कार्यक्रम सुरू करताना सूत्रसंचालक एक परिच्छेद वाचतो: आपण वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, त्यांच्या पूर्वजांना आणि आजच्या वडीलधाऱ्यांना वंदन. इथे त्याला अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री म्हणतात. शाळा, ऑफिस, कौन्सिल, सगळीकडे असतं. एका सदस्याचं म्हणणं पडलं की यंदा हे काढा. वेळ जातो, कोणी ऐकत नाही आणि 2023 च्या सार्वमतात देशानेच 'नाही' म्हटलंय, मग आपल्यालाच काय पडलंय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 14 ऑक्टोबर 2023 ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या लोकांचं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत नमूद करावं का, एवढाच प्रश्न होता. मंडळ संसदेला सल्ला देणार, संसदेने तो मानलाच पाहिजे असंही नव्हतं. साधारण 60 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. सहाही राज्यांत 'नाही', फक्त राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात 'हो'. आपल्या मराठी ग्रुपांवर तेव्हा दोन्ही बाजूंनी काय काय फॉरवर्ड झालं ते आठवत असेलच.

या मेलबर्नचीच गोष्ट सांगते. 1835 मध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसाने इथल्या वडीलधाऱ्यांशी 'करार' केला. पांघरुणं, चाकू, कात्र्या, आरसे, पीठ आणि वर्षाकाठी असंच काही सामान, त्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन! त्याच वर्षी गव्हर्नर बर्कने तो करार रद्द ठरवला. फसवणूक झाली म्हणून नाही हं. जमीन मुळात ब्रिटिश राजसत्तेची, ती विकायचा अधिकार या लोकांना कुठला, असं म्हणून.

तर प्रश्न असा: हा परिच्छेद वाचण्याला काही अर्थ आहे का? की त्यांचे हक्क राहिले बाजूला, आपण आपलं मन हलकं करून मोदकांकडे वळतो? जगात इतरत्र, आपल्याकडेही, अशा लोकांचे हक्क प्रत्यक्षात कशाने राखले गेले? अनुभव असतील तर लिहा.

टिंबटिंब
मोदक असतील तर मी कोणालाही वंदन करायला तयार आहे.

खडूस_काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या-आमच्या बापजाद्यांनी तिथे कोणाची जमीन लाटली नाही. तुम्ही व्हिसा घेऊन गेलात, कर भरता, कर्ज काढून घर घेतलंत. मग ही कोणाच्या पापाची माफी? गोऱ्यांनी केलं, गोऱ्यांनी निस्तरावं. माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो, त्याच्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगच्या आधी हे म्हणतात, झूमवरसुद्धा. लोक तेवढ्यात चहा आणून घेतात. आणि तिथल्या आदिवासींना खाणी अडवायचे अधिकार आहेत म्हणे, आपल्या इथल्या शेतकऱ्यालाही नसतील एवढे.

यारा_काठी
@खडूस_काका, ती माफी नसतेच. माफी सरकारने मागितली, 13 फेब्रुवारी 2008 ला केविन रड यांनी संसदेत, आईबापांपासून तोडून नेलेल्या मुलांची. इथे फक्त आपण कोणाच्या जागेत आहोत ते सांगायचं असतं. आणि कर्ज काढून घेतलेल्या घराच्या कागदांची साखळी मागे मागे नेली की बर्कसाहेबच भेटतात ना?

पिलबारा_पांथस्थ
काकांच्या शेवटच्या वाक्यावर लिहायलाच हवं, कारण माझी रोजीरोटी त्यातच आहे. पर्थला असतो, लोहखनिजाच्या खाणींत काम करतो, विमानाने जाऊन-येऊन. पर्थमधल्या अर्ध्या मराठी घरांत या ना त्या मार्गाने पिलबाराचा, म्हणजे इथल्या लोहखनिजाच्या पट्ट्याचा, पैसा येतो.

खाण अडवायचा अधिकार त्यांना नाही. 1992 च्या माबो निकालाने 'ही जमीन कोणाचीच नव्हती' हा दोनशे वर्षांचा बहाणा कोर्टाने मोडीत काढला. दावा लावणारे एडी माबो स्वतः निकालाच्या काही महिने आधीच वारले. 1993 मध्ये नेटिव्ह टायटलचा, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच्या परंपरागत हक्काचा, कायदा झाला. त्यात मिळाला वाटाघाटीचा हक्क. म्हणजे कंपनीने समोर बसून बोललं पाहिजे. बोलणी फिसकटली तर प्रकरण लवादाकडे जातं आणि तिथून खाण बहुतेक होतेच. नकाराचा हक्क असा काहीसा आहे तो नॉर्दर्न टेरिटरीत, 1976 च्या वेगळ्या कायद्याखाली.

आता जुकान गॉर्ज. मे 2020 मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने खाण वाढवताना तिथले दोन शैलाश्रय सुरुंगाने उडवले. माणसाचा वावर 46,000 वर्षांपूर्वीपासूनचा. तिथे सुमारे 4,000 वर्षं जुनी केसांची वेणी सापडली होती आणि तिच्या डीएनएचं नातं आजच्या पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळलं होतं. म्हणजे नातवंडं जिवंत आहेत, फोनवर 'थांबा' म्हणतायत, आणि इकडे सुरुंग भरून तयार.

सगळ्यात भयंकर काय, तर ते कायदेशीर होतं. राज्याच्या 1972 च्या कायद्याखाली 2013 मध्ये परवानगी मिळालेली. उत्खननात जागेचं मोल कळलं ते त्यानंतर. पण एकदा दिलेली परवानगी नव्या माहितीवरून फेरतपासायची सोयच कायद्यात नव्हती. आरडाओरडा झाला, संसदेची चौकशी बसली, कंपनीच्या सीईओसकट तिघा बड्यांना जावं लागलं. राज्याने नवा कायदा आणला, तो 1 जुलै 2023 ला लागू झाला आणि ऑगस्टमध्ये गुंडाळायची घोषणाही झाली, कारण शेतकरी आणि जमीनमालक भडकले. पुन्हा 1972 चाच कायदा, थोडी डागडुजी करून.

साईटवर काय बदललं? बदललं, नाही असं नाही. हेरिटेज सर्व्हे झाल्याशिवाय डोझर हलत नाही, नकाशावर लाल पट्टे असतात, त्यांची माणसं सोबत चालतात. आमच्या सुपरवायझरला जुकानआधी असल्या सर्व्हेचा वैताग यायचा, आता तोच फाईल दोनदा तपासतो. पण भीती कसली, तर पेपरात नाव येण्याची. कायद्याची नाही.

शेंदरी_आंबा
वाचनखूण साठवली. पिलबारा, सवडीने वेगळा धागाच काढा.

खडूस_काका
सीईओ गेला, म्हणजे जाताना गलेलठ्ठ रक्कम घेऊनच गेला असणार. आमच्याकडे तेवढंही होत नाही. बाकी माहितीबद्दल आभार. माझं मूळ म्हणणं कायम आहे.

बांबूबन
धागा आवडला. मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांसोबत काम करतो, म्हणून 'आपल्याकडेही' या दोन शब्दांवर लिहितो. लांबेल.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव बहुतेकांनी ऐकलेलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायदा 2006 चा, त्याखाली सामूहिक वनहक्क देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांत हे गाव आहे, साल 2009, जंगल सुमारे 1,800 हेक्टर. पण हक्काचा कागद आला म्हणून बांबू विकता येईना. कायदा म्हणतो बांबू हे गौण वनोपज, वन खात्याचं म्हणणं बांबू म्हणजे लाकूड, वाहतुकीचा परवाना आम्हीच देणार. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्री! आज जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराला सगळ्यांसमोर उभं राहून भाव सांगावा लागतो, आणि मागच्या रांगेतल्या बाया तो वाढवून घेतात. हे दृश्य ज्याने पाहिलं त्याला हक्क म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता पिलबारांनी काढलेला नकाराचा मुद्दा. आपल्याकडे तो कागदावर ऑस्ट्रेलियापेक्षा जास्त भक्कम होता. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर वेदांताला बॉक्साइट हवं होतं. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. 12 ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. डोंगरिया कोंध लोकांनी एकेक करून सांगितलं, नियमराजा आमचा देव आहे, डोंगर देणार नाही. बाराच्या बारा 'नाही'. खाण झाली नाही.

पण 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी काय केलं? केंद्राने मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती बघायची अट गेली, ती जबाबदारी पुढे राज्यावर ढकलली. सगळं ठरल्यावर, पैसे भरून झाल्यावर गावाला विचारायचं. मुलीचं लग्न ठरवून पत्रिका छापल्या आणि मग तिला विचारलं, अशातली गत. माझ्याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघतंय, तिथे ठाकूरदेवाची जत्रा भरते. विरोधाचे ठराव, मोर्चे, सगळं झालं. ट्रकही चालू आहेत. रोजगार मिळाला म्हणणारी पोरंही त्याच गावांतली आहेत, तेही लपवत नाही. फक्त त्या पोरांना आणि त्यांच्या आज्यांना एका सभेत बसून आधी ठरवू द्यायला हवं होतं.

कोयना
@बांबूबन, __/\__
वैयक्तिक दाव्यांचं काय चित्र आहे? आमच्या रायगडात कातकरी वाड्यांवर दावे नामंजूर झालेले ढिगाने पाहिलेत.

बांबूबन
@कोयना, सामूहिकपेक्षा वाईट. अर्जदाराने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचे दोन पुरावे द्यायचे, त्यात गावातल्या वृद्धाचा जबाबही चालतो असं नियमांतच आहे. प्रत्यक्षात दंडाची पावती मागतात. म्हणजे खात्याने ज्याला अतिक्रमण म्हणून दंड केला त्याच्याकडे पुरावा, आणि जो कोणाच्या अध्यात ना मध्यात होता त्याच्याकडे नाही. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत स्थगिती मिळाली म्हणून निभावलं. कातकऱ्यांचा घोळ निराळाच आहे, जंगल सोडा, ज्या जागेवर झोपडी आहे ती जागाच दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर.

कोयना
तेच तर. मालकाने वाडीला कुंपण घातलं की पाण्याची वाट बंद. पिढ्यान् पिढ्या त्याच्याच भट्टीवर आणि शेतावर राबलेली माणसं आहेत ही. आमच्या ओळखीच्या वाडीत फार्महाऊसवाल्याने फाटक बसवलं. पुण्या-मुंबईच्या आपल्याच मंडळींची फार्महाऊसं, मेलबर्नला बोट दाखवायची गरज नाही.

ऑकलंडकर
जरा आमच्या बाजूलाही या. न्यूझीलंडात माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला 1840 चा वैतांगीचा करार आहे, म्हणजे निदान भांडायला एक कागद आहे. 1975 मध्ये न्यायाधिकरण स्थापन झालं, 1985 पासून ते थेट 1840 पर्यंत मागे जाऊन तक्रारी ऐकू लागलं. त्यातून जमिनी, पैसे, माफीनामे, बरंच काही मिळालं. गेलं त्याच्या मानाने किरकोळच, पण मिळालं.

2017 मध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. नदीच्या वतीने बोलायला दोघे जण, एक माओरी टोळ्यांचा, एक सरकारचा. पुढे 2024 मध्ये एका छोट्या सत्ताधारी पक्षाने कराराच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करणारं विधेयक आणलं. तेव्हा संसदेत तरुण माओरी खासदार हाना-राव्हिती माइपी-क्लार्क यांनी विधेयक फाडून हाका (माओरींचं पारंपरिक आवेशी नृत्य) केला, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्यापाठोपाठ वेलिंग्टनला प्रचंड मोर्चा गेला. 10 एप्रिल 2025 ला विधेयक 112 विरुद्ध 11 असं आपटलं.

सार्वमतात हरणं आणि संसदेत असं जिंकणं, यात फरक कशाने पडला असेल? मला वाटतं माओरी लोकसंख्येत पाचात एकाच्या आसपास आहेत, 1867 पासून त्यांच्या राखीव जागा आहेत. ऑस्ट्रेलियात चार टक्क्यांच्या आत. तेवढ्या थोड्यांचे हक्क बहुसंख्यांच्या मतदानावर टाकले की काय होणार?

टिंबटिंब
नदी जर व्यक्ती असेल तर विसर्जनाला तिची परवानगी काढावी लागेल का? फॉर्म कुठे मिळतो?

कलम_बहाद्दर
@टिंबटिंब, हसू नका, हे आपल्याकडे झालंय. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने वांगानुईच्या पाठोपाठच गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. पालक म्हणून नेमले कोण, तर सरकारी अधिकारी! जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, ती मागितलीही राज्य सरकारनेच. पूर आला तर नदीवर दावा ठोकायचा की पालकांवर, असा त्यांना प्रश्न पडला होता. वांगानुईत नदीकाठच्या लोकांनी शतकभराहून जास्त कोर्टकज्जे केले आणि त्याच्या तडजोडीतून तो कायदा आला. आपण नदी तेवढी उचलली, माणसं वगळून.

वकील आहे म्हणून थोडं कायद्याचं. मूळनिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा 13 सप्टेंबर 2007 चा. बाजूने 144, विरोधात चार. ते चार कोण? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका. पुढे चौघांनीही भूमिका बदलली, पण तोवर वाक्यांची धार गेली होती: बंधनकारक नाही, केवळ आकांक्षा, वगैरे. भारताने बाजूने मत दिलं आणि जोडीला हेही सांगितलं की स्वातंत्र्यानंतरचे सगळेच भारतीय इथले मूळनिवासी. म्हणजे सही केली आणि शाई वाळायच्या आत स्वतःला वगळलं! खरोखर बंधनकारक करार म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा क्रमांक 169, साल 1989. तो भारताने मानलेला नाही. वर सांगितलेल्या चौघांनीही नाही.

खडूस_काका
वकीलसाहेब, पण भारताचं काय चुकलं? आपल्याकडे कोण आधी आलं हा वाद उकरला तर रोज एक नवा पक्ष निघेल. नंदुरबारातला भिल्ल आणि त्याच्या शेजारचा गुजर, शतकानुशतकं शेजारी. ऑस्ट्रेलियासारखी, गोरे वसायला आले त्या 1788 ची रेघ इथे कुठे मारणार?

कलम_बहाद्दर
काका, रेघ मारता येत नाही हे मान्य. म्हणूनच आपल्या घटनेने आधी कोण ते न विचारता पाचवी आणि सहावी अनुसूची केली, पुढे 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आला. तोडगा उत्तम होता. तक्रार अमलाची आहे. महाराष्ट्राने पेसाचे नियम केले 2014 मध्ये!

सातपुडा_सुत
नंदुरबारचं नाव निघालंच आहे तर. सरदार सरोवरात आमच्या जिल्ह्यातली 33 गावं बाधित. मणिबेली सगळ्यात आधी बुडालं. वडील तिकडच्या शाळेवर मास्तर होते. पुनर्वसन झालेल्यांना जमिनी मिळाल्या, काहींच्या चांगल्या पिकतातही. पण नदीकाठी चारा, मासे, लाकूडफाटा, मोहाची फुलं फुकट होती, ती कुठल्याच पंचनाम्यात आली नाहीत. पंचनाम्यात आलं ते घर, कौलं आणि झाडं मोजून. गावाने 'नको' म्हणावं अशी तर सोयच नव्हती, तेव्हा ना पेसा होता ना वनहक्क.

फ्योर्डवरचा_फडके
नॉर्वेचा अनुभव देतो, कारण इथे खलनायक खाणवाला नाही, पवनचक्की आहे. फोसेन भागात सामी, म्हणजे इथले मूळनिवासी लोक, रेनडिअर पाळतात. तिथे जमिनीवरच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा राहिला. ऑक्टोबर 2021 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, अवैध आहेत. आता पुढे काय झालं असेल असं वाटतं? काहीही नाही. चक्क्या फिरतच राहिल्या. निकालाला 500 दिवस झाले तेव्हा सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयांची दारं अडवली, ग्रेटा थुनबर्गही आली होती. मग सरकारने माफी मागितली आणि डिसेंबर 2023 ते मार्च 2024 मध्ये पशुपालकांशी करार झाले. चक्क्या अजून जागच्या जागी.

जगात मानवी हक्कांवर प्रवचनं देणारा हा देश. तेव्हा ऑस्ट्रेलियाला फार झोडू नका. आणि माझ्या पर्यावरणवादी मित्रांना या विषयावर बोलतं करून बघा, गंमत येते.

पिलबारा_पांथस्थ
@फडके, हे इकडेही येतंय. लिथियम, तांबं, सौर पार्क. तेच डोंगर, नवं कारण.

सायली_टोरांटो
धागाकर्तीच्या मूळ प्रश्नावर येते, गाडी नॉर्वेला पोचली. आमच्याकडेही दिवाळी कार्यक्रमात भूमीचा उल्लेख करतात. मी स्वतः वाचते. त्यात मिसिसॉगा लोकांचं नाव येतं. एकदा म्हटलं, बघू तरी हे कोण. तर टोरांटोची 'खरेदी' 1787 ची, कागद इतका गोलमाल की 1805 मध्ये पुन्हा करावा लागला, आणि शेवटी 2010 मध्ये केंद्र सरकारने 14.5 कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. त्यांची आजची वस्ती शहरापासून गाडीने दीडेक तासावर. तेव्हापासून मी परिच्छेदात हे एक वाक्य घालते. हॉलमध्ये चहाकडे निघालेले लोक आकडा ऐकून थांबतात. मराठी माणूस आहे, जमिनीचा भाव निघाला की ऐकतोच.

शेंदरी_आंबा
सायलीताई :)))) +1

खडूस_काका
हे पटलं. घोकंपट्टीपेक्षा बॅटमनची आणि पिठाच्या पोत्याची गोष्ट सांगा, मीसुद्धा ऐकेन. पण 'काढून टाका' म्हणणाऱ्याला लगेच वंशवादी ठरवू नका एवढीच विनंती. मेलबर्नमध्ये एन्झॅक दिनाला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, मूळ रहिवाशांच्या स्वागताची हुर्यो करणारे निराळे आणि आपला कंटाळलेला सदस्य निराळा.

यारा_काठी
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काका, तो सदस्य हा धागा वाचतोय, त्याला तुमचा निरोप पोचला.

काल पुन्हा मीटिंग झाली. परिच्छेद राहणार, बॅटमनच्या गोष्टीसह, लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. दुसरं म्हणजे वुरुंजेरींच्या संस्थेकडे रीतसर विचारणा करून त्यांच्याच वडीलधाऱ्यांना 'वेलकम'साठी, म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत करायला, बोलवायचं, असा एक प्रस्ताव आला. ते फक्त त्यांनीच करायचं असतं, आपण करून चालत नाही. त्याचं शुल्क असतं. खजिनदार म्हणाले, "वंदन फुकट होतं तेच बरं होतं." त्यावर ढोलपथकाचं मानधन किती ते मी विचारलं, मग ते गप्प झाले. प्रस्ताव मंजूर व्हायचाय अजून, दोघे ठाम विरोधात आहेत.

व्हिक्टोरियाच्या संसदेने 2025 च्या अखेरीस राज्यातल्या मूळ रहिवाशांशी कराराचा कायदा केला, त्यावरही कोणी लिहिलं तर हवं आहे. त्यात नकाराचा हक्क कितपत आहे, हे @कलम_बहाद्दर वाचून सांगतील का?

कलम_बहाद्दर
मसुदा चाळलाय. त्यांच्या निवडून आलेल्या सभेला कायमचं स्थान आणि आपल्या कारभारापुरते अधिकार, संसदेला सल्ला. नकार नाही. सविस्तर रविवारी लिहितो, दोन तारखा आहेत मध्ये.

टिंबटिंब
वेलकमबरोबर ते धुराचा विधीही करतात ना, युकॅलिप्टसचा पाला पेटवून? हॉलमध्ये करू नका हो. आमच्या मंडळात नुसत्या धुपाने अलार्म वाजून अग्निशमनचा बंब आला होता, बिल अजून चर्चेत आहे.

यारा_काठी
@टिंबटिंब, बाहेर हिरवळीवर करणार आहोत. कौन्सिलचा त्याचाही फॉर्म आहे.